व्यासपीठाखालचं तोंड

टेपरेकॉर्डर टेबलावर होता. भोवती उपम्याच्या बशा. सकाळची वेळ, देवळाचं आवार, चिंचेची सावली. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल.

सभा भरवणाऱ्या पुण्याच्या संस्थेच्या ब्रदरांनी बटण दाबलं. आदल्या संध्याकाळची सभा वाजू लागली. आधी उपदेश करणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा आवाज, इंग्रजीत. पाठोपाठ माझा, मराठीत. खट्. बटण बंद.

"बाई, पाहुणे इथं काय म्हणाले?"

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. मी सांगितलं, "ते म्हणाले, तुमचे बापजादे घाणीत आणि अंधारात जगले, आणि तुम्हीही तसेच जगता आहात."

"बरोबर. आणि तुम्ही काय सांगितलंत?"

त्यांनी टेप मागे नेली. पुन्हा बटण. माझाच आवाज माझ्यासमोर आला: 'आपल्या बापजाद्यांनी फार सोसलं. आपणही सोसतो आहोत.'

"हे पाहुणे म्हणाले?"

"नाही."

"मग कोण म्हणालं?"

मंडळीतल्या, म्हणजे आमच्या देवळाच्या, बायका ओट्यावर चहा गाळत होत्या. त्यांचे हात थांबले. पाळकसाहेब बशीत बघत राहिले. तुमचे आजोबा मंडळीचे पंच, ते खुर्चीच्या कडेवर टेकले होते. मी उभी होते. मला कुणी खुर्ची दिली नव्हती. घोडेगावच्या हायस्कुलात निम्म्या तालुक्याला इंग्रजी शिकवलेली बाई, गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी उभी.

ब्रदर हसले. मोठ्याने नाही. म्हणाले, "बाई, तुम्ही तोंड आहात. फक्त तोंड. डोकं वर व्यासपीठावर आहे. तोंडानं डोक्याचं काम करायचं नाही."

मग पाळकसाहेबांकडे वळले. जणू मी तिथं नाहीच. "ह्यांच्यात ही खोड असतेच. दिलेलं काम दिल्यासारखं करायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय."

ह्यांच्यात.

उपमा संपला. बशा आम्ही बायकांनी विसळल्या.

आता हे सगळं का लिहिते आहे? मागच्या रविवारी तुमचा फोन आला म्हणून. तुम्ही दोघं एकाच वेळी बोलत होता. "आजी, आमच्या चर्चची मुलं इंडियाला येणार. नाताळच्या सुट्टीत. तुझ्या गावाला! डोंगरातल्या लोकांना प्रीच करायला. तू ट्रान्सलेट करशील ना? आमचे पास्टर म्हणाले, तुमची आजी आपला आवाज होईल."

मी फोनवर "बघू" म्हटलं. तुम्हाला ते 'हो' वाटलं. ते 'हो' नव्हतं. काय होतं ते सांगते. क्रमानं सांगते, मला क्रम सोडून बोलता येत नाही.

माझे आजोबा जुन्नर तालुक्यातले, पठाराकडच्या एका गावचे. महारवाड्यातले. मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी टपाल पुढच्या गावाला पळत पोचवायचं, आणि पाणी मागायचं ते ओंजळ खाली धरून. त्यांना मिशनच्या माणसानं अक्षरओळख करून दिली. ते ख्रिस्ती झाले. गावानं हसून घेतलं. "देव बदलला तरी वाडा तोच," म्हणाले. खरं होतं. वाडा तोच राहिला. पण माझ्या वडिलांना शाळा मिळाली, आणि मला नगरचं मिशन बोर्डिंग मिळालं. तिथं दगडी भिंतीच्या वर्गात मी इंग्रजी शिकले. चांगलं शिकले. स्वप्नं इंग्रजीत पडायची इतकं. त्या भाषेनं मला नोकरी दिली, पगार दिला, गावात 'बाई' म्हणवून घेतलं. मी तिचे उपकार विसरत नाही.

लग्न होऊन घोडेगावला आले. इथली मंडळी लहान. पाळकसाहेबांकडे मंचर, कळंब, जुन्नरकडची गावं, सगळीच होती. एका रविवारी एका ठिकाणी उपासना घेतली की दुसरीकडे खाडा. मग आमच्याकडे त्या रविवारी मी बायबलातला शास्त्रपाठ वाचायची आणि त्यावर चार शब्द बोलायची. लोकांना आवडायचं. म्हातारे म्हणायचे, "बाई सांगत्यात ते घरी जाईस्तवर ध्यानात ऱ्हातं." पण मी बोलायची ते खालून. हार्मोनियमच्या बाजूला उभी राहून. उपदेशाच्या चौथऱ्यावर बाईनं चढायचं नाही, हा नियम. कुणी लिहून ठेवला नव्हता. लिहायची गरजच नव्हती.

मला चढावंसं वाटायचं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. रिकाम्या देवळात फुलं बदलायला गेले की मी त्या चौथऱ्याकडे बघायची. देवाचं वचन सांगणं ही माझ्या जिवाची गोष्ट होती. शाळेत मी व्याकरण शिकवत होते ते पोटासाठी. हे पोटासाठी नव्हतं.

आणि म्हणून, नव्वद सालानंतर शहरातल्या संस्था आमच्या भागात मोठमोठ्या सभा घ्यायला लागल्या आणि त्यांना दुभाषी हवा झाला, तेव्हा मी हो म्हटलं. तुमचे बाबा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होते. बाहेरून कुणी पाहुणे यायचे, इंग्रजीत उपदेश करायचे, मी वाक्यागणिक मराठी करायची. मला वाटलं, वचन तर माझ्याच तोंडून जातंय. हेही सेवाच.

सेवेची माझी एक पद्धत होती. आमच्या भागात पीठ चाळल्याशिवाय कुणी भाकरी थापत नाही. मीही चाळायची. पाहुण्याला इथलं काही माहीत नसतं. तो बोलण्याच्या भरात काहीतरी बोलून जातो. लोकांना लागेल असं. ते मी चाळणीत अडवायची आणि बाकीचं खाली सोडायची. म्हणजे पाहुणे बोलत ते जगाला, आणि मी बोले ते सोनाबाईला.

सोनाबाई कोण ते सांगते. पश्चिमेकडच्या डोंगरातली. आदिवासी कोळ्याची. नाचणी, वरई, थोडा भात, आणि उन्हाळ्याआधी हिरडा. हिरडा वाळवून, पोत्यात भरून ती बाजाराच्या दिवशी एस.टी.नं घोडेगावला यायची. आमचं घर स्टँडच्या वाटेवर. पोतं टेकवायला ती आमच्या ओट्यावर बसायची. पहिली कितीतरी वर्षं फक्त बसायची. पाणी दिलं तर "नगं, आत्ताच प्याले" म्हणायची. मला कळायचं. मी आग्रह करत नव्हते. एकदा चैत्रातल्या उन्हात ती आली, पोतं टाकलं आणि स्वतःच म्हणाली, "बाई, तांब्या दे." प्याली. घळाघळा. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आता आमची देवं रुसली तं तुज्याकडं धाडते. तूच समजाव." दोघी हसलो. त्यानंतर ती कधी "नगं" म्हणाली नाही.

तर ती सभा. दिवाळीनंतरची, थंडीतली. बाजाराच्या पटांगणात मंडप. फळ्यांचं उंच व्यासपीठ, वर खुर्च्या, झालर, दिवे. ब्रदरांनी पहिल्याच दिवशी माझी जागा दाखवली. व्यासपीठाच्या खाली, ध्वनिक्षेपकाच्या खोक्याशेजारी. माईक हातात दिला. "स्त्रीनं व्यासपीठावर उभं राहून शिकवू नये असं वचन आहे. तुम्ही शिकवत नाही, पण लोकांचा गैरसमज नको."

हे ब्रदर मोठ्या घरातले. आपली साक्ष, म्हणजे ख्रिस्ती कसे झालो ते, सांगताना ते नेहमी सुरुवात करायचे, "मी उच्च कुळात जन्मलो. घरात वेदपठण होतं." हे ऐकून मंडळी माना डोलवायची. केवढं सोडून आले! माझ्या आजोबांनी काय सोडलं होतं? ओंजळ. त्याची साक्ष कुणी व्यासपीठावर मागितली नाही. ओळख करून घेताना ब्रदरांनी मला विचारलं होतं, "आणि तुम्ही... आधीचे कोण?" तीन पिढ्या ख्रिस्ती. तरी 'आधीचे'.

त्यांना इंग्रजी माझ्याहून कमी येत नव्हतं. मग दुभाषी मी कशाला? तेही त्यांनी सांगितलं, हसतहसत. "तुमच्यातलंच कुणी बोललं की ह्या लोकांना बरं वाटतं." मी म्हटलं, "डोंगरातले लोक माझ्यातले नाहीत हो. ते कोळी, आम्ही..." ते म्हणाले, "तेच ते."

पहिल्या संध्याकाळी मी चाळून बोलले. दुसऱ्या सकाळी टेप वाजली. ते वर लिहिलंच आहे.

बशा विसळून झाल्यावर तुमचे आजोबा जवळ आले. हळूच म्हणाले, "जाऊ दे. पाहुणे आज आहेत, उद्या नाहीत. आपल्याला मंडळीत राहायचंय." मी म्हटलं, "तुम्ही का बोलला नाहीत?" ते म्हणाले, "काय बोलणार? टेपमध्ये होतंच ना." चांगला माणूस होता. पण टेपमध्ये होतं ते खरं, असं मानणारा.

त्याच दिवशी घरभेटीला जायचं होतं. पाहुण्यांना डोंगरातलं घर बघायचं होतं. ब्रदर म्हणाले, "तुमच्या ओळखीचं कुणी?" मी सोनाबाईचं घर दाखवलं. मीच दाखवलं. जीपमधून उतरवलं मीच, आणि पाहुणे आहेत गं, म्हणून हाक मारली मीच.

सोनाबाईनं घोंगडी अंथरली. बिनदुधाचा चहा केला. पाहुणे मांडी घालता येईना तरी घालून बसले. उंच, म्हातारे, भल्या चेहऱ्याचे. कोपऱ्यात भिंतीला एक लहानसं दप्तर टांगलेलं होतं. पाहुण्यांनी ते बघितलं आणि विचारलं, हे कुणाचं?

सोनाबाईची नात, चिंगी. पावसाळ्यात गेली. सोनाबाईनं ते आतापर्यंत मलाही धड सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. माझ्याकडे बघून. पाहुण्यांकडे एकदाही बघितलं नाही.

"लई ताप व्हता बाई. अंग निस्तं तवा. पाठीवं बांधली न् खाली दवाखान्यात नेली. दवाखान्याला कुलूप. नर्सबाई मिटिंगला गेलती म्हनं. मंग सडकंला येऊन बसलो. यष्टी येईल, यष्टी येईल. पाऊस. दरड आलती वाटंत, यष्टी आलीच न्हाई. दिस बुडाला. मंग माघारी आनली. घरी काय करू? वाघोबाला नारळ ठिवला. म्हन्लं, तू तरी जागा हायेस का बघ." तिनं दप्तराकडे बघितलं. "पहाटं गेली."

मी शब्दन्‌शब्द इंग्रजीत केला. काही चाळलं नाही. चाळण्यासारखं काही नव्हतंच. दवाखाना आधी. सडक मग. वाघोबा शेवटी. क्रम मी नीट सांगितला. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. त्यांनी सोनाबाईचा हात धरून प्रार्थना केली. मला वाटलं, सकाळचं विसरावं. माणूस बरा आहे.

निघताना मी सोनाबाईला म्हटलं, "उद्या शेवटचा दिवस आहे. ये सभेला. माझ्याजवळ बस." ती म्हणाली, "मला काय कळतंय?" मी म्हटलं, "मी सांगते ना सगळं."

ती आली. सुनेला घेऊन दुपारच्या एस.टी.नं आली. नवी चोळी. मी तिला पुढेच बसवलं, सतरंजीच्या कडेला, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. सभा सुरू व्हायच्या आधी ब्रदर खाली वाकून म्हणाले, "आज टेप चालूच आहे, बाई. शब्दाला शब्द." मी मान हलवली.

उपदेश सुरू झाला. मी शब्दाला शब्द करत गेले. वरून इंग्रजी, खालून मराठी. लोक बघायचे वर आणि ऐकायचे खालून. मला कुणी बघत नव्हतं.

मग पाहुणे म्हणाले, काल मी एका घरी गेलो होतो. मी सांगितलं. तिथं एका मुलीचं दप्तर होतं. मी सांगितलं. सोनाबाईची मान वर झाली.

आणि ते म्हणाले, "सोना" आणि म्हणाले, "चिंगी."

इंग्रजीतही नावं नावंच राहतात.

ते काय म्हणाले, ते आज पहिल्यांदा मराठीत लिहिते आहे. ते म्हणाले, ह्या आजीच्या हातात तापलेलं मूल होतं आणि तिनं त्याला औषधाकडे नेलं नाही, एका दगडाकडे नेलं. दगडाला डोळे नव्हते. म्हणून मूल गेलं. दगडाची पूजा करणारे हात आपल्याच लेकरांना पुरतात.

मी थांबले.

काल ह्याच माणसाला मी क्रम सांगितला होता. कुलूप, सडक, दरड, मग नारळ. त्यांना तो ऐकू आला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि रात्रीतून त्यांनी कुलूप गाळलं, एस.टी. गाळली. नारळ तेवढा ठेवला. मी आयुष्यभर चाळत आले, लोकांना लागू नये म्हणून. हेही चाळत होते. लागावं म्हणून. आणि हे चाळलेलं आता माझ्या तोंडातून सोनाबाईच्या कानात जायचं होतं. माझ्या आवाजात. 'मी सांगते ना सगळं' म्हणणाऱ्या आवाजात.

पाहुण्यांनी वाट बघितली. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाले, जरा सावकाश. त्यांना वाटलं, मला समजलं नाही.

मंडपात नुसतं इंग्रजी घुमलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"ट्रान्सलेट, बाई," ब्रदर वरून म्हणाले. मग जोरात, "बाई! सांगा!"

सोनाबाई उठून उभी राहिली. "बाई, त्यानं माज्या चिंगीचं नाव घेतलं का? काय म्हन्ला त्यो?"

खरी अडचण ही होती. ब्रदरांना गप्प बसून उत्तर देता आलं असतं. सोनाबाईला गप्प बसून देता येत नव्हतं. तिच्या नातीचं नाव चारचौघांत घेतलं गेलं होतं. ते काय म्हणून घेतलं, हे कळायचा तिचा हक्क होता.

खालून ते उत्तर देता येईना. खोक्याच्या आडून, कुणाला न दिसता, एवढं मोठं सांगता येत नाही. मी व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. आयुष्यात पहिल्यांदा. फळ्या हलत होत्या. मला वाटायचं, त्या जागेवर काहीतरी वेगळं असेल. फळ्या होत्या.

मी म्हटलं, "सोनाबाई, हे म्हणतात, चिंगी तुझ्यामुळे गेली. तू तिला दवाखान्यात न नेता वाघोबाकडे नेलंस म्हणून. हे खोटं आहे. काल तू खरं सांगितलंस आणि ते मी ह्यांना सांगितलं. दवाखान्याला कुलूप होतं. एस.टी. आली नाही. ह्या तालुक्यात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या धर्मात दहा आज्ञा आहेत. त्यातली एक आहे, शेजाऱ्यावर खोटी साक्ष देऊ नको. मी आज ती देणार नाही. मेलेल्या लेकराच्या आजीला दोष देणारा ख्रिस्त मला माहीत नाही."

मध्येच माईक बंद झाला. कुणी बंद केला ते मी वळून पाहिलं नाही. हायस्कुलात मला माईक कधी लागला नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज मी लावला आणि वाक्य पुरं केलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "खरं बोलल्या बाई! कुलूपच असतंय तितं!" दुसरा म्हणाला, "आन् यष्टीचं बी सांगा की वर जाऊन!" लोक हसले. कडू हसले. पाहुणे ब्रदरांना विचारत होते, ती काय म्हणाली? ब्रदरांनी इंग्रजीत सांगितलं, "तिची तब्येत बरी नाही." मी ते ऐकलं. मी पाहुण्यांना इंग्रजीत म्हटलं, "माझी तब्येत उत्तम आहे. तुम्ही काल ऐकलं एक आणि आज सांगितलं दुसरं. मी ते सांगायला नकार दिला आहे." त्यांचा चेहरा पडला. पुढे त्यांनी कधी काही कळवलं नाही.

ब्रदर माझ्या अगदी जवळ आले. आता त्यांचं मराठी वेगळंच होतं. "शेवटी जात दाखवलीच. चौथऱ्यावर बसवलं म्हणून कुणी देव होत नाही."

मी म्हटलं, "मला कुणी बसवलं नाही. मी चढले."

सभा तिथंच मोडली.

तुम्हाला वाटेल, सोनाबाईनं मला मिठी मारली असेल. नाही. ती सुनेचा हात धरून निघून गेली. माझ्याकडे न बघता. नंतर बाजाराच्या दिवशी ती आमच्या वाटेनं यायचीच बंद झाली. पोतं डोक्यावर घेऊन मागच्या गल्लीनं जायची. मी एकदा गाठलंच. म्हटलं, "माझं काही चुकलं का गं?" ती म्हणाली, "तू बोललीस ते बरं बोललीस. पन बाई, त्यांला माज्या घरात आनलं कोनी?"

पोतं सावरलं आणि गेली.

ब्रदरांचं बोलणं मला दुखलं, पण त्यानं मला जाग आली नाही. जाग सोनाबाईनं आणली. ज्याच्याकडे तोंड नाही तो दुसऱ्याच्या दारापर्यंत पोचू शकत नाही. त्यांना नुसतं तोंडच नव्हे, दारही मी दिलं होतं. ओट्यावर कित्येक वर्षांत उघडलेलं दार.

मंडळीनं मला माफ केलं नाही. पंचांची बैठक झाली. तुमचे आजोबा त्यात होते. ठरलं असं, की मी रविवारी उपासनेत उभं राहून चूक कबूल करायची. नाहीतर शास्त्रपाठ बंद, चार शब्द बंद. पाळकसाहेब घरी आले. गरीब स्वभावाचे. म्हणाले, "बाई, एक वाक्य. 'माझ्याकडून अनुचित घडलं.' संपलं. संस्था देवळाचं छप्पर करून देणार आहे. पावसाळ्यात गळतं, तुम्हालाही माहीत आहे."

"कुणाकडून अनुचित घडलं?" मी विचारलं.

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

ते चहा न पिता गेले. तुमचे आजोबा त्यांना दारापर्यंत पोचवून आले. मग म्हणाले, "तू एक वाक्य बोललीस तर काय बिघडेल?" मी म्हटलं, "तुम्ही त्या सकाळी एक वाक्य बोलला असतात तर काय झालं असतं?" पुढच्या बैठकीत ते पंचपदाचा राजीनामा देऊन आले. मला सांगितलंही नाही. पाळकसाहेबांच्या बायकोकडून कळलं.

त्या रविवारी मी उपासनेला गेले. बायकांच्या बाजूला बसले. पाळकसाहेब म्हणाले, "कुणाला काही सांगायचं आहे?" आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी उठले. हार्मोनियमजवळ गेले नाही. जागेवरूनच म्हटलं, "सांगायचं ते मी पटांगणात सांगितलं आहे. त्यातला एकही शब्द मागे घेत नाही." आणि खाली बसले. उपासना संपेपर्यंत बसले. आजही दर रविवारी जाते, त्याच जागी बसते. मला कुणी वाचायला सांगत नाही. छप्पर झालं. पत्र्याचं. पाऊस लागला की उपदेश ऐकू येत नाही.

त्यानंतरही संस्था आल्या. गाड्या मोठ्या झाल्या, माईक खिशात मावण्याइतके लहान झाले. निरोप येतच राहिले. 'बाई, तुमच्यासारखं इंग्रजी इथं कुणाला नाही.' मी प्रत्येकाला नाही म्हटलं. कारण विचारलं नाही कुणी. वय झालं असेल, असं समजले.

आणि आता तुम्ही.

तुमचा फोन ठेवल्यावर मला राग आला. तुमचा नाही. तुम्हाला काय माहीत? राग ह्याचा, की गोष्ट हलली नाही. पिढी गेली, समुद्र ओलांडला, आणि डोंगरातल्या माणसाशी बोलायला अजून व्यासपीठ लागतं आणि खाली उभी राहणारी एक बाई लागते. ह्या वेळी ती बाई तुमची आजी, आणि वर तुम्ही. तुमचे पास्टर 'आवाज' म्हणाले. ब्रदर 'तोंड' म्हणाले होते. पास्टर सभ्य आहेत.

मी सोनाबाईला विचारलं. हो, आता ती बोलते. आता तिला दिसतं कमी, एस.टी. मात्र पूर्वीसारखीच. तुमचे आजोबा गेले तेव्हा ती डोंगरातून आली, मातीला उभी राहिली आणि मग ओट्यावर बसून म्हणाली, "तांब्या दे." तिला म्हटलं, माझी नातवंडं यायचं म्हणतात, सभा घ्यायला. ती म्हणाली, "पोरं आली तं भाकर खातील. भाषान नगं."

तर माझं उत्तर हे.

या. तुमच्या चर्चच्या मुलांनाही आणा. मंडप नको, व्यासपीठ नको, टेप नको. सोनाबाई बसवेल तिथं बसा. ती सांगेल तेवढं ऐका. कुणाच्या भिंतीवर दप्तर टांगलेलं दिसलं तर कुणाचं म्हणून विचारू नका. त्यांना तुमच्या प्रभूबद्दल जाणून घ्यायचं असेल तर ते विचारतील. तेव्हा तुम्ही स्वतः सांगा, तुमच्या मोडक्या मराठीत. जेवढं मराठी येतं तेवढीच सुवार्ता. येत नसेल तर शिकून या. तोवर ती लोकं कुठं जात नाहीत.

मला त्या डोंगरात वचन सांगायचं असेल तेव्हा मी सांगेन. माझ्या नावानं, माझ्या डोक्यानं, लोकांच्या समोर उभी राहून. कुणाच्या खाली नाही. दुसऱ्याचं वाक्य मी पुन्हा माझ्या तोंडात घेणार नाही. ब्रदरांचं नाही, तुमच्या पास्टरांचं नाही, तुमचंही नाही.

हे सगळं मी इंग्रजीत अर्ध्या वेळात लिहिलं असतं. तुम्हाला घटकाभरात वाचून झालं असतं. मुद्दाम मराठीत लिहिलं आहे. अडेल तिथं बाबांना विचारा. पास्टरांना वाचायचं असेल तर त्यांनी माणूस शोधावा.

मी अनुवाद करून देणार नाही.